टीचिंग हॉस्पिटलसाठी आर्किटेक्ट कसा निवडावा? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रं नव्या हॉस्पिटलच्या इमारतीबद्दल आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या संस्थेला ५०० खाटांचं हॉस्पिटल बांधायचं आहे. त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय असेल, दरवर्षी १०० विद्यार्थी घेऊ. आठ आर्किटेक्ट फर्म भेटून गेल्या. तिघांनी न मागता थ्रीडी चित्रं आणली आणि त्यातलं एक सगळ्यांना फार आवडलं आहे. त्यांनाच काम द्यावं की रीतसर स्पर्धा घ्यावी? (एक विश्वस्त)

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. चित्र आवडलं याचा अर्थ त्या फर्मकडे चित्र काढणारा माणूस चांगला आहे, एवढाच. ओपीडीत रोज किती माणसं येणार, ऑपरेशन थिएटर किती लागणार, आयसीयूच्या खाटा किती, विद्यार्थी कुठून आत शिरणार, यातलं काहीच तुम्ही त्यांना सांगितलेलं नाही. मग ते चित्र तुमच्या हॉस्पिटलचं कसं असेल? शिवाय विश्वस्तांच्या मनात एकदा दर्शनी भाग बसला, की पुढचे कित्येक महिने आतल्या खोल्या त्या दर्शनी भागात कोंबण्यात जातात.

आधी ब्रीफ, म्हणजे हॉस्पिटलला नेमकं काय हवं याचं लेखी टिपण, तयार करा. हे नवं खूळ नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या विश्वस्तांनी १८७५ मध्ये पाच डॉक्टरांकडून हॉस्पिटल कसं असावं यावर लेखी योजना मागवल्या. त्यातून जॉन शॉ बिलिंग्ज यांची निवड झाली आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली आराखडा आकाराला येऊन १८८९ मध्ये हॉस्पिटल उघडलं. काय हवं ते आधी, कसं दिसेल ते नंतर.

ब्रीफमध्ये विभागांची यादी आणि प्रत्येकावरचा रोजचा भार हवा. खोलीवार क्षेत्रफळ हवं, कोणता विभाग कोणाला चिकटून असावा याचा तक्ता हवा, विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांची संख्या हवी. बजेट, बांधकामाचे टप्पे, जागेचा मोजणी नकाशा, मातीचा अहवाल, वीज-पाणी-ड्रेनेज कुठून मिळणार हेही हवं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे खोल्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज करून तिलाच बांधकामाच्या दरानं गुणणं. भिंती, कॉरिडॉर, जिने, लिफ्ट, शाफ्ट (पाइप-केबलचे उभे मार्ग), प्लँट रूम (यंत्रांच्या खोल्या) धरले की हॉस्पिटलचं एकूण बांधकाम खोल्यांच्या निव्वळ बेरजेच्या दुपटीच्या आसपास जातं. हे निवडीआधी कळलं तर ब्रीफला कात्री लावता येते. निवडीनंतर कळलं तर कात्री लागते ती स्टोअर, सेमिनार रूम आणि देखभालीच्या जागांना, कारण त्यांच्या बाजूनं बोलायला बैठकीत कोणी नसतं.

ब्रीफ लिहायला स्वतंत्र हॉस्पिटल प्लॅनर नेमा आणि तो पुढे स्पर्धक टीममध्ये नसेल हे लेखी घ्या. नाहीतर एकाच टीमला पेपर आधी फुटल्यासारखं होतं.

मग निवड. पहिल्या फेरीत जाहिरात देऊन फक्त पात्रतेची माहिती मागवा : गेल्या दहा वर्षांतली हॉस्पिटलची कामं, त्यात त्या फर्मचा नेमका वाटा, संपर्कासाठी त्या हॉस्पिटलमधली माणसं, व्यावसायिक जबाबदारीचा विमा. पानांची मर्यादा पंधरा. नकाशे, चित्रं आणायची नाहीत हे स्पष्ट लिहा. यातून चार किंवा पाच टीम निवडा. दहा-बारा टीमना पुढे नेलं तर कोणीही जीव ओतून काम करत नाही, कारण काम मिळण्याची शक्यताच फार कमी उरते. दुसऱ्या फेरीत या टीमना संपूर्ण ब्रीफ, सहा आठवडे वेळ आणि जागेची भेट द्या. एकानं विचारलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर सगळ्यांना पाठवा. त्यांच्याकडून मागायचं ते असं : प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांची नावं, प्रत्येकाचा किती वेळ मिळणार, तुमच्या ब्रीफमध्ये त्यांना दिसलेल्या त्रुटी आणि काम करण्याची पद्धत. त्रुटींचा मुद्दा आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. चाळीस पानांच्या ब्रीफमध्ये ज्यांना एकही चूक सापडली नाही, त्यांनी ते नीट वाचलेलं नाही.

फी वेगळ्या बंद लिफाफ्यात मागवा. गुणांची विभागणी आम्ही अशी करू : नावानिशी दिलेली टीम ३०, ब्रीफची समज २५, वापरात असलेली पूर्वीची कामं २०, समन्वय आणि वेळापत्रक १५, फी १०. आकडे तुम्ही बदलू शकता, पण ते जाहिरातीत छापा आणि नंतर हलवू नका. समितीत सात माणसं पुरेत : एक डॉक्टर, नर्सिंग प्रमुख, संसर्ग नियंत्रण पाहणारी व्यक्ती, देखभाल इंजिनिअर, शिक्षण विभागातले एक, हिशेब पाहणारे एक आणि बाहेरचा एक आर्किटेक्ट. प्रत्येकानं आधी आपापले गुण कारणांसह लिहायचे, मग चर्चा. चर्चा आधी झाली की सगळे कागद अध्यक्षांच्या मतासारखेच दिसू लागतात.

स्पर्धेबद्दल. आराखडा कोणाचा हे परीक्षकांना न सांगता होणाऱ्या निनावी स्पर्धेत आर्किटेक्टला तुमच्या डॉक्टर-नर्सशी बोलताच येत नाही आणि हॉस्पिटलचा आराखडा तर त्या बोलण्यातूनच घडतो. संग्रहालयाला ती पद्धत शोभते. हॉस्पिटलसाठी घ्यायचीच असेल तर निवडक टीमची, मानधन देऊन, मध्ये एक-दोन कार्यशाळा ठेवून घ्या. फुकटात आराखडे मागवू नका. फुकट काम घाईचं असतं आणि त्या आराखड्याचा हक्क कोणाचा, यावरून पुढे वाद होतात.

प्रश्न : यादीतल्या फर्मनी बांधलेली हॉस्पिटलं पाहायला आमची समिती जाणार आहे. नेमकं काय पाहायचं? (एक अधीक्षक)

उद्घाटनाला निदान दोन-तीन वर्षं झालेलं हॉस्पिटल निवडा. नव्या इमारतीत सगळंच चकाचक असतं. फर्मचा माणूस सोबत असेल तर तासाभरानं त्याला चहाला पाठवा आणि मग देखभाल इंजिनिअर, रात्रपाळीची सिस्टर आणि सफाई सुपरवायझर यांच्याशी बोला.

भिंतींवर चिकटवलेले कागदी बाण आणि हातानं लिहिलेल्या पाट्या मोजा. त्या जितक्या जास्त, तितका इमारतीत रस्ता सापडत नाही. कॉरिडॉरमध्ये व्हीलचेअर, ऑक्सिजन सिलिंडर, जुने मॉनिटर उभे असतील तर स्टोअर कमी पडलं आहे. आगीचा दरवाजा विटेनं किंवा डस्टबिननं उघडा ठेवलेला असेल तर तो चुकीच्या जागी आहे : दिवसातून शंभर वेळा जिथून ट्रॉली न्यायची, तिथे आपोआप मिटणारा जड दरवाजा कोणी मिटू देणार नाही. (चुंबकानं उघडा राहणारा आणि अलार्म होताच मिटणारा दरवाजा तिथे हवा होता.) खाटेच्या उंचीवर भिंती आणि चौकटी खरवडलेल्या दिसतात का ते पाहा. दिसल्या तर वळण कमी पडतंय किंवा गार्ड चुकीच्या उंचीवर लावलेत.

फॉल्स सीलिंगचं एक पॅनेल उघडून दाखवायला सांगा. आतले व्हॉल्व्ह आणि डँपर (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) हाताला लागतात का? एअर हँडलिंग युनिटचे (हवा गाळून खोल्यांत सोडणाऱ्या यंत्राचे) फिल्टर बदलायला वॉर्ड बंद करावा लागतो का? आयसीयूच्या छतात चढूनच दुरुस्ती होत असेल, तर ती दर वेळी पुढे ढकलली जाणार हे गृहीत धरा.

शेवटी एक प्रश्न इंजिनिअरला : उद्घाटनानंतर आर्किटेक्टच्या ऑफिसातून कोण आलं होतं, आणि कशासाठी?

प्रश्न : साध्या हॉस्पिटलपेक्षा टीचिंग हॉस्पिटलच्या आराखड्यात वेगळं काय असतं? आर्किटेक्टना ते कळतं की नाही हे कसं ओळखायचं? (मेडिसिनच्या एक प्राध्यापक)

बहुतेक आर्किटेक्ट महाविद्यालयाची इमारत वेगळी, हॉस्पिटल वेगळं असं काढतात आणि मध्ये एक पूल टाकतात. लेक्चर हॉल मोठा दिला की शिक्षणाची सोय झाली, असा समज असतो. पण क्लिनिकल शिक्षण खाटेशेजारी होतं, त्यामुळे सगळा प्रश्न तिथल्या सेंटिमीटरचा आहे.

हिशेब करून पाहा. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शिकांत एका खाटेसाठी ३.६ मीटर रुंद आणि ३.७ मीटर खोल जागा धरतात. खाट साधारण एक मीटर रुंद. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मीटर उरतं. त्यात लॉकर, सलाइनचा स्टँड, खुर्ची. आता राउंडला आलेली माणसं मोजा : तुम्ही, दोन-तीन निवासी डॉक्टर, आठ-दहा विद्यार्थी, सिस्टर. बारा-पंधरा जण. पहिली रांग खाटेला टेकून, दुसरी शेजारच्या खाटेच्या पडद्यात, चौघे पायथ्याशी आणि दोघे बाहेर कॉरिडॉरमध्ये, ज्यांना ना दिसतं ना ऐकू येतं. पडद्याआडच्या शेजारच्या रुग्णाला मात्र सगळं ऐकू जातं. यापेक्षाही कमी जागा काढणारा आर्किटेक्ट मीटिंगमध्ये 'खाटा जास्त बसवल्या' म्हणून कौतुक मिळवून जातो.

उपाय सगळ्या खाटांची जागा वाढवणं हा नव्हे. तेवढे पैसे कोणाकडेच नसतात. वॉर्डातल्या थोड्या खाटांभोवती जास्त जागा ठेवा आणि शिकवण्याचे रुग्ण तिथे घ्या. वॉर्डाच्या आतच बारा-पंधरा जणांची सेमिनार रूम हवी, पंचवीस-तीस चौरस मीटरची. ती वॉर्डाबाहेर, लिफ्टपलीकडे गेली की वापरली जात नाही : रुग्णासमोर दोन मिनिटं पाहायचं आणि उरलेलं दारामागे बोलायचं, तर ते दार पावलांच्या अंतरावर पाहिजे. ओपीडीत एक मोठी खोली शिक्षकाची आणि तिला आतून जोडलेल्या दोन-तीन लहान तपासणी खोल्या असतील, तर विद्यार्थी आधी तपासून मग केस मांडू शकतात. एका बाजूला सगळ्या सारख्या बारा-बारा चौरस मीटरच्या खोल्या असतील, तर पाच विद्यार्थी आत गेल्यावर रुग्णाच्या नातेवाइकाला बाहेर उभं राहावं लागतं.

लिफ्टचं गणित तर हमखास चुकतं. दरवर्षी १०० म्हणजे क्लिनिकल वर्षांचे मिळून तीन-चारशे विद्यार्थी. सकाळी राउंडच्या वेळी ते वर जाणार, त्याच अर्ध्या तासात नाश्त्याच्या ट्रॉली, स्वच्छ चादरी, थिएटरला निघालेले पहिले रुग्ण आणि ड्यूटी बदलणारा स्टाफ. एकूण दिवसाची सरासरी काढून लिफ्ट ठरवल्या तर सकाळी सगळंच तुंबतं. विद्यार्थ्यांसाठी रुंद, उजेडाचा, सहज दिसणारा जिना ठेवा. खालच्या तीन मजल्यांपर्यंत ते आपणहून चढतात. आगीसाठी कोपऱ्यात काढलेला अंधारा जिना कोणी चढत नाही.

थिएटरमध्ये विद्यार्थ्यांनी वरून पाहण्याची काचेची गॅलरी आता क्वचितच परवडते. ती उंची खाते, आणि वरून दिसतात ती सर्जनची डोकी. कॅमेरा आणि सेमिनार रूमपर्यंतची केबल हे बरं, पण त्या केबलच्या नळ्या (कंड्युट) स्लॅब ओतण्याआधी नकाशात याव्या लागतात.

बाकी निवासी डॉक्टरांच्या झोपायच्या खोल्या आयसीयू आणि प्रसूती कक्षाच्या मजल्यावर किंवा एका जिन्याच्या अंतरावर. विद्यार्थ्यांचे लॉकर प्रवेशाजवळ, वॉर्डात नव्हे. शवविच्छेदनासाठी विद्यार्थ्यांचा रस्ता आणि मृतदेहाचा रस्ता वेगळा.

ओळखायचं असं : मुलाखतीत वॉर्डाचा कोरा नकाशा द्या आणि सकाळच्या राउंडला चौदा माणसं कुठे उभी राहतील ते पेन्सिलनं काढायला सांगा. ज्यांनी हा विचार केलेला आहे ते लगेच प्रतिप्रश्न विचारतात.

प्रश्न : 'आर्किटेक्चरल टीम' म्हणजे आर्किटेक्टशिवाय कोण कोण? आम्हाला दिलेल्या प्रस्तावात 'सर्व सल्लागार समाविष्ट' एवढंच लिहिलं आहे. (एक लेखाधिकारी)

'सर्व' हा शब्द खोडून यादी मागा. हॉस्पिटल प्लॅनर, स्ट्रक्चरल, वातानुकूलन, विद्युत, प्लंबिंग आणि ड्रेनेज, मेडिकल गॅस, अग्निसुरक्षा, किरणोत्सर्ग संरक्षण, आयटी आणि नर्स कॉल, सीएसएसडी (निर्जंतुकीकरण विभाग), किचन-लाँड्री, ध्वनी, दिशादर्शक पाट्या, खर्चाचा अंदाज. प्रत्येकासमोर फर्मचं नाव, माणसाचं नाव, कोणत्या टप्प्यापर्यंत काम आणि पैसे कोण देणार. मेडिकल उपकरणांचं नियोजन बहुतेक वेळा कोणाच्याच यादीत नसतं. ते तर आधी पाहा.

दोन सल्लागारांच्या मधल्या फटीत काय पडतं ते एमआरआयवरून कळेल. चुंबक कित्येक टनांचा असतो. त्याच्या वजनासाठी खोलीतला स्लॅब स्ट्रक्चरलवाला बघतो. पण ट्रकपासून खोलीपर्यंतच्या वाटेवरचा स्लॅब कोण तपासतो? भिंतीत तात्पुरती सोडायची फट कोण काढतो? चुंबकातला द्रवरूप हीलियम अचानक उकळला तर त्याचा सातशे पटींहून मोठा वायू होतो. तो बाहेर सोडणारा क्वेंच पाइप प्लंबिंगचा, वातानुकूलनाचा की उपकरण पुरवणाऱ्याचा? तो पाइप वर ज्या गच्चीवर निघतो तिथे हवा आत घेणारी जाळी नाही ना, हे कोण पाहतो? बाजूच्या लिफ्टच्या हलत्या लोखंडानं चित्र बिघडतं, ते अंतर कोण ठरवतो? या पाच प्रश्नांसमोर पाच नावं लिहून द्या, असं सांगा. गप्प बसले तर टीम अजून टीम झालेली नाही. कॅन्सर विभागाच्या बंकरचंही (किरणोपचाराच्या जाड भिंतींच्या खोलीचंही) तेच : मुख्य झोताच्या बाजूच्या काँक्रीटच्या भिंती दोन मीटरच्या आसपास किंवा जास्त जाड होतात, आणि मशीन कोणतं हे ठरल्याशिवाय ती जाडी पक्की होत नाही.

दुसरी फट छताच्या वरची. थिएटरचं छत फरशीपासून तीन मीटर. वर स्वच्छ हवेचा प्लेनम (हवा पसरवणारी पेटी) अर्धा मीटर, त्यावरून जाणारी हवेची डक्ट इन्सुलेशनसह अर्धा मीटर, बीम आणि स्लॅब पाऊण मीटर. पावणेपाच मीटर इथेच झाले. स्प्रिंकलर, केबल ट्रे आणि वरच्या मजल्याच्या ड्रेनेजचा उतार अजून बाकी. ऑफिस इमारतीच्या सवयीनं ३.६ मीटरचा मजला धरणारा आर्किटेक्ट पुढे डक्ट चपट्या करतो, मग पंखे जास्त जोरानं चालवावे लागतात, आवाज वाढतो आणि हवा पुरत नाही. अमेरिकेच्या अॅश्रे १७० मानकात ऑपरेशन थिएटरची हवा तासाला २० वेळा बदलावी असं म्हटलं आहे. ती हवा ज्या डक्टमधून यायची तिला जागा लागतेच. थिएटरच्या मजल्याचा हा उभा छेद, सगळ्या सेवांसह, संकल्पना टप्प्यातच काढून देणार का, हे करारात लिहून घ्या.

प्रश्न : मुलाखतीत काय विचारायचं? सादरीकरणं सगळी सारखीच वाटतात. (निवड समितीतल्या एक सदस्य)

सादरीकरणाला वीस मिनिटं द्या, उरलेले दोन तास काम करायला लावा. बोलायचं ते काम करणाऱ्या माणसांनी. भागीदारांनी प्रास्ताविक करावं आणि बसावं. एक प्रसंग द्या : रात्री दोन वाजता अपघाताचे सहा रुग्ण आले, रुग्णवाहिकेपासून सीटी, रक्तपेढी, थिएटर, आयसीयूपर्यंतची वाट काढा, दारं आणि लिफ्ट मोजा. मग मध्येच अट बदला : सीटी बंद पडलंय. आपल्या एका डॉक्टरना आणि एका सिस्टरना त्यांच्यासोबत बसवा. आर्किटेक्ट सिस्टरचं बोलणं तोडतो का, स्ट्रक्चरल इंजिनिअर पहिल्यांदाच त्या आर्किटेक्टला भेटतोय असं दिसतं का, हे दोन तासांत लपत नाही.

आयसीयूच्या रुग्णाला कोणत्या लिफ्टनं नेणार, हेही विचारा. १.४ बाय २.४ मीटरच्या लिफ्टमध्ये खाट मावते; व्हेंटिलेटर, पंप आणि चार माणसं खाटेसोबत चढायची तर १.८ बाय २.७ च्या आसपास लागते.

करारात प्रकल्पप्रमुख, हॉस्पिटल प्लॅनर आणि सेवांच्या समन्वयकाचं नाव घाला. तुमच्या लेखी संमतीशिवाय माणूस बदलायचा नाही. मुलाखतीला अनुभवी मंडळी आणि नंतर रोजच्या बैठकीला नुकताच कॉलेजातून निघालेला मुलगा, हे या धंद्यातलं सर्वांत जुनं दुखणं आहे.

प्रश्न : सर्वांत कमी फी घेणाऱ्याला काम दिलं नाही तर हिशेब तपासनीस आक्षेप घेतील ना? (एक सचिव)

निकष आधी जाहीर केले असतील आणि गुणांचे कागद सही करून ठेवले असतील, तर उत्तर देता येतं. अमेरिकेत १९७२ च्या ब्रूक्स कायद्यानं सरकारी कामांसाठी आर्किटेक्ट आणि इंजिनिअर आधी पात्रतेवर निवडतात आणि फी नंतर बोलणी करून ठरवतात. पहिल्याशी जमलं नाही तर दुसऱ्याला बोलावतात. तुमच्या नियमांत दोन लिफाफे सक्तीचे असतील तर तांत्रिक गुणांची किमान पातळी ठेवा आणि तिच्याखालचे फीचे लिफाफे उघडूच नका.

कमी फीत काय कापलं जातं ते मात्र समजून घ्या. पहिल्यांदा साइटच्या भेटी जातात, मग सेवांचे एकत्रित नकाशे, मग एकेका दरवाजाचा तपशीलवार तक्ता. ठेकेदार ते साइटवर अंदाजानं ठरवतो आणि फरकाची बिलं लावतो. फी बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत बांधू नका : खर्च वाढला की फी वाढणार असेल, तर खर्च कमी करायची घाई कोणाला असेल? टप्प्यागणिक ठोक रक्कम ठरवा आणि काही हिस्सा इमारत चालू होऊन वर्ष पुरं होईपर्यंत राखून ठेवा. ब्रीफमध्ये तुम्हीच बदल केलात तर जादा फी द्यावी लागेल. त्याचा दर आत्ताच लिहून घ्या.

प्रश्न : परदेशी नामवंत फर्म आणि स्थानिक फर्म अशी जोडी आली आहे. घ्यावी का? (एक विश्वस्त)

जोडी चालते, पण त्यांचं हे पहिलंच एकत्र काम नसावं. कोणत्या टप्प्यावर कोण नकाशा काढतो, सही कोणाची आणि चूक निघाल्यास जबाबदार कोण, याचा एका पानाचा तक्ता मागा. संकल्पना एकाची आणि तपशील दुसऱ्याचे असतील, तर पहिल्याला बांधकाम संपेपर्यंत थोड्या कामासाठी तरी बांधून ठेवा.

प्रश्न : प्रत्येक आर्किटेक्ट 'पुराव्यावर आधारित डिझाइन' म्हणतो. यात तथ्य किती? (एक वाचक)

तथ्य आहे. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांचा अभ्यास मांडला. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. एका हॉस्पिटलमधला, ४६ जणांचा अभ्यास आहे. त्यावर अख्खी बाग विकू नये. फर्मला विचारा की त्यांच्या मागच्या हॉस्पिटलमध्ये वापर सुरू झाल्यावर त्यांनी स्वतः काय मोजलं : सिस्टरना चालावं लागणारं अंतर, रुग्ण पडण्याच्या घटना, आवाज. मोजलं नसेल तर त्यांच्याकडे स्वतःचा पुरावा नाही, दुसऱ्याचा आहे.

प्रश्न : पंधरा वर्षांनी दोन विभाग वाढवायचे आहेत. निवडतानाच हे कसं तपासायचं? (एक अधिष्ठाता)

दोन जुनी उदाहरणं आर्किटेक्टना माहीत असलीच पाहिजेत. लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल १९७० मध्ये उघडलं. आर्किटेक्ट जॉन वीक्स यांनी तिथे विभाग इमारतीतल्या एका लांब मुख्य कॉरिडॉरला जोडले आणि वेगवेगळ्या गतीनं वाढू शकतील अशी त्यांची दुसरी टोकं मोकळी ठेवली. कॅनडातल्या हॅमिल्टनचं मॅकमास्टर विद्यापीठाचं आरोग्य केंद्र एबरहार्ड झाइडलर यांचं, १९७२ मधलं. तिथे दर दोन मजल्यांच्या मध्ये माणूस शिरू शकेल असा सेवांचा थर आहे, त्यामुळे खालच्या खोल्या बदलताना पाइप-डक्टची कामं त्या थरातच होतात. दुसरा मार्ग महाग आहे आणि प्रत्येक हॉस्पिटलला तो परवडणार नाही. आम्ही तो फक्त थिएटर आणि आयसीयूच्या वर सुचवू.

टीमला त्यांच्या पद्धतीनं सांगू द्या, पण उत्तर नकाशावर घ्या. वाढ कोणत्या भिंतीतून होणार, ती भिंत फोडताना कोणता वॉर्ड बंद राहणार, क्रेन कुठे उभी राहणार? मजले वर चढवायचे असतील तर पाया आणि कॉलम आज तेवढे धरले आहेत का, आणि नव्या लिफ्टचा शाफ्ट कुठे? ज्या टोकाला वाढ दाखवली आहे तिथेच जनरेटर, ऑक्सिजनची टाकी किंवा सांडपाणी प्रकल्प ठेवलेला असेल, तर ती वाढ कागदावरच राहते. ही चूक चांगल्या फर्मच्या नकाशातही सापडते, कारण मुख्य आराखडा एक जण काढतो आणि प्लँटची जागा दुसरा.

प्रश्न : आमच्या वॉर्डाबद्दल आम्हाला कोणी विचारतच नाही. नकाशा दाखवतात, आम्हाला त्यातलं काही कळत नाही आणि सही घेतात. (एक स्टाफ नर्स)

नकाशावर सही करू नका; खोलीचा पूर्ण मापाचा नमुना मागा. प्लायवूड किंवा जाड पुठ्ठ्याच्या भिंती, खरी खाट, खरी ट्रॉली, एक हात धुण्याचं बेसिन आणि स्वच्छतागृहाचं दार. हे एखाद्या रिकाम्या शेडमध्ये काही दिवसांत उभं राहतं. निवडीच्या अटींतच अधीक्षकांनी तशी नोंद केली तर फर्मला नंतर जादा पैसे मागता येत नाहीत. अजून जाहिरात निघाली नसेल तर त्यांना आजच तसं लेखी कळवा. नमुन्यात पाच गोष्टी करून पाहा : बेशुद्ध रुग्णाला ट्रॉलीवरून खाटेवर घ्या, खाट बाहेर काढा, सीपीआर द्या, रुग्णाला दोन्ही बाजूंनी धरून शौचालयात न्या, आणि अंधार करून नर्स कॉलचं बटण शोधा. जिथे अडखळाल तिथे खडूनं खूण करा आणि त्या खुणांचा फोटो आर्किटेक्टच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात जोडायला लावा. पूर्ण मापाचे नमुने सहा खोल्यांचे पुरतात : एक खाट, आयसीयूची खाट, थिएटर, ओपीडीची खोली, प्रसूती कक्ष आणि औषधं तयार करण्याची खोली.